आतल्या खोलीत ऐकू आलं तेवढं

अमडापूर
२० जानेवारी २०२५

चि. सौ. शरयू हिस,

आशीर्वाद आहेतच. राग आला म्हणून ते मी परत मागून घेत नाही.

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. लिहायचं नाही असं काही ठरवलेलं नाही, म्हणून हे पत्र. फोनवर चार ओळी पाठवल्या असत्या, पण तुझा फोन तुझ्याआधी नीळकंठभावजी उघडतात, आणि आजचा विषय दिरानं वाचण्यासारखा नाही. पाकीट मात्र तूच फोडतेस हे मला माहीत आहे. त्यांना बिलांखेरीज कुठल्याही पाकिटात रस नसतो.

त्या दिवशी मी तुझ्या हळदीकुंकवाला म्हणून आले नव्हते. बुलढाण्याला डोळे दाखवायला आले आणि जावेचं घर आहे म्हणून उतरले. सकाळपासून तुझ्याबरोबर तिळाचे लाडू वळले. पाक जरा कडक झाला तेव्हा कोमट पाण्याचा हात मीच लावला, नाहीतर तुझ्या बायकांचे दात पडले असते. मग संध्याकाळी पहिली बाई फाटकात दिसली आणि तू माझ्या हातातलं ताट काढून घेतलंस. "वहिनी, तुम्ही आता आतच बसा हं. बायका कशा असतात, माहीत आहे ना."

बसले. तुझ्या पलंगावर, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी. हे गेल्यापासून अशा खोल्यांत बसायची मला सवय आहे. लग्नघरात बसले, मुंजीत बसले, कधी काही म्हटलं नाही. पण तू आणि मी एका स्वयंपाकघरात वीस वर्षं काढली, शरयू. तुझं बाळंतपण मी केलं. तुझ्या घरात मला आत बसवायला परकी बाई लागेल असं वाटलं होतं, तूच बसवलंस. मला फार लागलं ते. एवढंच लिहिते आणि मुद्द्यावर येते.

तुमच्या त्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या ते मला आत ऐकू येत होतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, त्याची तपासणी, असं काहीसं. छान बोलतात, ओरडत नाहीत. त्या म्हणाल्या, "पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर लाल गेलं, तर..." आणि नेमकी तू कपबशा न्यायला आत आलीस आणि जाताना दार ओढून घेतलंस. पुढचं मला ऐकू आलं नाही. नंतर टाळ्या वाजल्या आणि वाण वाटल्याचा गलका झाला.

तर काय? तेवढं लिहून कळव.

माझ्यासाठी नाही. आमच्या शेजारची अन्नपूर्णा आहे ना, तिला दिवाळीपासून तसं होतंय. मधूनच डाग पडतो. ती बिचारी मला विचारते आणि मला सांगता येत नाही.

सत्यभामा


अमडापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शरयू हिस, आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आतून डॉक्टरीणबाईंचं छापील माहितीपत्रक निघालं, बाकी काही नाही. उलटसुलट करून पाहिलं, पाकिटाच्या तळाशी बोटं घालून पाहिलं. एक ओळ लिहायला तुझं काय जात होतं? म्हणजे तूही बोलायचं नाही असंच ठरवलेलं दिसतंय. बरं आहे, तोडीस तोड.

पत्रक मात्र चांगलं आहे. चष्मा लावून नीट वाचलं. पाळी गेल्यावर एक डाग जरी पडला तरी तो अंगावर काढायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण काय आहे ते तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. हे तुझ्या दारापलीकडलं वाक्य होतं तर.

अन्नपूर्णेची समजूत अशी होती की नवरा गेल्यावर बाईला असलं काही होत नाही. नवराच नाही तर तिथली काळजी कशाला? आमच्या गल्लीतल्या सगळ्या एकट्या बायका असंच धरून चालतात, आणि त्यांना कुणी खोडत नाही, कारण त्या कुठल्या हळदीकुंकवाला नसतातच. पत्रकात तर लिहिलंय की हा रोग एका विषाणूमुळे होतो, तो बहुतेक बायकांना केव्हातरी लागतो आणि आपोआप जातोही, पण काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. नवरा असेपर्यंतच बसायचं असा काही त्याचा नेम नाही. आणि खाली ठळक अक्षरांत, तीस ते पासष्ट वयाच्या सर्व महिलांनी तपासणी करावी. सर्व. त्यातल्या आतल्या खोलीतल्या कोणत्या आणि बाहेरच्या कोणत्या ते छापलेलं नाही.

बाकी इथे सल्ल्यांचा सुकाळ आहे. फोनवर एक दाढीवाले महाराज रोज सकाळी येतात. ते म्हणतात, काळ्या मनुका आणि कोरफड घ्या, गाठ विरघळते. कुठली गाठ ते सांगत नाहीत. एका खासगी दवाखान्यात अन्नपूर्णेला घेऊन गेले होते, गावाचं नाव लिहीत नाही. त्यानं खुर्चीतून न उठता सांगितलं, "पिशवी काढून टाका. आजच भरती व्हा, नाहीतर कॅन्सर होईल." मी विचारलं, कशावरून? तपासलं तर काहीच नाही तुम्ही. तर तो चिडला. म्हणाला, "डॉक्टर तुमी का मी?" मी पिशवी उचलली, म्हणजे बाजाराची, आणि आम्ही उठून आलो. कशावरून विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातात मी तर भाजीची सुरीसुद्धा देणार नाही.

तर आता एकच विचारायचंय. ही तपासणी दुखते का? डॉक्टरीणबाई गेली चार वर्षं तुझ्या हॉलमध्ये येऊन सांगताहेत, म्हणजे तू ती कधीच करून घेतली असशील. कसं असतं ते तुझ्या शब्दांत लिही. अन्नपूर्णा घाबरलीये.

सत्यभामा


अमडापूर
२४ फेब्रुवारी २०२५

शरयू,

पकडलंस.

तुझं पत्र दारात उभ्या उभ्या वाचलं. "अन्नपूर्णेची पिशवी तर कधीच काढलीये वहिनी, दवाखान्यात तिचा डबा घेऊन आपण दोघीच जात होतो. नवराही तिचा धडधाकट आहे. तुम्हाला काय होतंय ते लिहा." मी इतकी हसले की अन्नपूर्णाच भिंतीवरून डोकावली. "काऊन वं सत्यभामा, एकटीच हासून राह्यली?" तिला काय सांगणार, तुझ्या नावावर मी महिनाभर माझं दुखणं खपवतेय म्हणून! खोटं बोलायचं तर निदान जिची पिशवी शाबूत आहे अशी बाई तरी निवडावी.

हसून झाल्यावर रडलेसुद्धा. तेही लिहिते.

होय, मलाच होतंय. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत पहिल्यांदा डाग दिसला. वाटलं, उष्णता झाली. मग वाटलं पाळीच परत आली असेल, गंमतच आहे म्हटलं, म्हातारपणी हौस. मग पुन्हा. मग पुन्हा. पातळं काळोखात धुवायला लागले. मला भीती वाटते, शरयू. हे गेले तेव्हा दुःख होतं, भीती नव्हती. ही निराळी आहे. जेवताना मध्येच आठवते आणि मी ताट सरकवते.

मरणाची तेवढी नाही. लाजेची जास्त आहे. विधवा बाई, पन्नाशी उलटलेली, आणि "त्या" तपासणीला गेली, असं गल्लीत झालं तर काय काय जोडतील लोक. पत्रकात लिहिलंय की हा विषाणू लागणं म्हणजे कुणाच्या वागण्याचा दाखला नव्हे. ते वाक्य मी दोनदा वाचलं. पण पत्रक मी वाचलंय, गल्लीनं नाही. शंतनूलाही कळवलेलं नाही. मुलाला कुठल्या तोंडानं सांगायचं? तो पुण्याहून धावत येईल आणि गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसेल.

तू लिहितेस, "उद्याच्या गाडीनं या, आपल्या घरी राहा." घरी येणार नाही. राग आहे तो आहे. पण तू दिलेल्या नंबरवर डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी विचारलं, कशावरून तुम्ही म्हणता की पिशवी लगेच काढायला नको? चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, बरं झालं विचारलंत," आणि सांगत बसल्या. आधी पाहायचं, लागलं तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, उत्तर आल्यावर ठरवायचं. त्या बुधवारी सरकारी दवाखान्यात असतात. बारा मार्चला जाणार आहे. सकाळच्या गाडीनं जाईन आणि संध्याकाळी परत येईन. तू येऊ नकोस. मी एकटी समर्थ आहे.

दुखतं का, याचं उत्तर तू दिलंच नाहीस.

सत्यभामा


अमडापूर
१५ मार्च २०२५

शरयू,

येऊ नकोस असं मी स्पष्ट लिहिलं होतं. तरी तू दवाखान्याच्या बाकावर माझ्याआधी येऊन बसलेली. मांडीवर डबा, शेजारी थर्मास, तोंड गंभीर. आणि आपण दोघी शेजारी बसून समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिलो. मी "पाणी दे" म्हणाले ते बोलण्यात धरायचं नाही.

तू बाहेर होतीस, म्हणून आतलं तुला माहीत नाही. ते लिहिते.

खोली साधी आहे. हिरवा पडदा, उंच टेबल, एक दिवा. सिस्टर आपल्याकडचीच, मोताळ्याची. मी टेबलावर चढायला वेळ लावला तर म्हणाली, "मावशी, घाबरून काऊन राह्यल्या? मी हाये ना अठी. लांब श्वास घ्या अन् गावाकडचं काई सांगा मले." मी तिला तिळाच्या लाडवांचा पाक सांगायला लागले. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करत होत्या. आता थंड लागेल, आता दाब येईल, आता कापसानं औषध लावते, आता चिमटा बसल्यासारखं वाटेल. चिमट्याच्या वेळी दुखलं. ओरडण्याइतकं नाही. पोळी भाजताना बोट चटकतं आणि आपण पुढची पोळी लाटायला घेतो, तितपत. नवरा कधी गेला हे मला विचारलं, तेही फक्त माहिती म्हणून. कुणी भुवई वर केली नाही. मी उगाच महिनाभर त्या भुवईला घाबरत होते.

त्यांना पिशवीच्या तोंडाशी एक बारीक कोंब दिसला. त्याच्या शेजारची जागा औषधानं पांढरी पडली. दोन्हींतून तुकडे घेतले, वरून पोटाची सोनोग्राफीही केली. उत्तर यायला वेळ लागेल. "तोवर मनात कोर्टकचेरी करू नका," म्हणाल्या.

आणि आता खरी गोष्ट. दार पुरतं लागत नव्हतं. मी पडद्याआड पातळ नेसत होते आणि बाहेर बाकावर कुणी बाई तुझ्याशी बोलत होती. ती म्हणाली, "मी धामणगाव बढ्याहून आली. तुमची कोन हाये आत? सासू काय?" मी म्हटलं, आता ही नीट शहरी भाषेत सांगेल, माझ्या जाऊबाई म्हणून. तर तू म्हणालीस, "नाई वं. माही मोठी बहीण हाये." इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून अशी बोली मी ऐकली नव्हती, शरयू. बुलढाण्याला बंगला बांधल्यापासून तर नाहीच. मी निऱ्या हातात धरून तशीच उभी राहिले. सिस्टर म्हणाली, "चक्कर येते काय मावशी?" हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

बाहेर आल्यावर तू डबा उघडून पुढे केलास. डब्यातली मेथीची भाजी खारट होती. तुझ्या हातची नेहमीच असते. सगळी खाल्ली.

दर संक्रांतीला तू टाळ्या वाजवतेस ती तपासणी तू केलीस का, हे मी आता तिसऱ्यांदा विचारतेय. तू पानभर लिहितेस आणि तेवढंच गाळतेस.

सत्यभामा


अमडापूर
२ एप्रिल २०२५

माझ्या धाकट्या बहिणीस,

आज उत्तर मिळालं. तुला आधी कळवते, मग शंतनूला.

कॅन्सर नाही.

हे दोन शब्द लिहून मी चहा करून आले, म्हणून शाई निराळी दिसते. आता पुढचं. रक्त त्या कोंबाचं होतं, आणि तो निरुपद्रवी निघाला. पण शेजारच्या पांढऱ्या जागेतल्या पेशी बदललेल्या आहेत. तशाच सोडल्या तर पुढे काही वर्षांनी त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. तेवढा भाग काढून टाकायचा, पिशवी राहते, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. पुढेही काही वर्षं दाखवायला जायचं, ते चुकवायचं नाही. मी विचारलं, कशावरून एवढ्यानं भागेल? डॉक्टरीणबाई हसल्या आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. सोळा एप्रिल ठरलीये, बुधवार.

शंतनूला फोन केला. माझ्या मुलाची मी उगाच बदनामी करत होते. तो म्हणाला, "आई, दिवाळीपासून?" आणि रडायला लागला. सोळाला तो येतोय. मग त्यानंच त्याच्या गार्गीचं काढलं. तिच्या शाळेत मुलींना या विषाणूवरची लस देण्याची विचारणा झालीये, आणि पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की त्यानं मुलींना पुढे मूल होत नाही. मी म्हटलं, कशावरून? असं लिहिणाऱ्याला विचार, आणि मग तुमच्याकडच्या डॉक्टरांनाही विचार. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की तसं काही नाही, आणि ही लस मुलगी लहान असतानाच दिलेली चांगली. माझ्या वेळी ती नव्हती. नातीच्या वेळी आहे.

आता तुझं पत्र. एकदाचं तू लिहिलंस. "वहिनी, मी नाही केली. मला काही त्रासच नाही, मग कशाला? आणि दर वर्षी कार्यक्रमच एवढा असतो की राहून जातं." अगं, चार वर्षं दारात रांगोळी काढून तू डॉक्टर बोलावतेस, खुर्च्या मांडतेस, आभार मानतेस, आणि ऐकत कुणीच नाही? मला तू आत बसवलंस म्हणून मला ऐकू आलं नाही. तू तर पहिल्या रांगेत होतीस.

त्रास नाही म्हणतेस ना? मीही डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं, की या बदललेल्या पेशींनी मला कधी त्रास कसा दिला नाही? म्हणाल्या, त्या देतच नाहीत. दुखत नाही, खुपत नाही, काहीच कळत नाही. तो कोंब नसता आणि त्याचा डाग पडला नसता, तर मी आज इथे बसून लाडवांना नावं ठेवत असते आणि ते आत वाढत राहिलं असतं. माझं नशीब म्हणून मला त्रास झाला. तुझ्या "त्रास नाही"चा मला फार राग आला, आणि रागापेक्षा भीती वाटली. माझ्यासाठी वाटली होती त्याहून जास्त.

संक्रांतीच्या दिवसाबद्दलही तू लिहिलंयस, बायका काय म्हणतील म्हणून केलं, चुकलं. ठीक आहे. त्या बायका कोण, हे मात्र तुला एकीचंही नाव घालून लिहिता आलेलं नाही. मीही आठवून पाहिलं, मला कुणी सापडली नाही. पुढच्या संक्रांतीला डॉक्टरीणबाई इथे येणार आहेत, माझ्या ओट्यावर. गल्लीतल्या सगळ्या बायका बसतील, एकट्या आणि दुकट्या, एकाच सतरंजीवर. वाण मी लुटणार. लाडू वळायला तू ये.

पण ते जानेवारीत. आधी सोळा एप्रिल. आज दवाखान्यात माझा नंबर लावताना मी तपासणीसाठी तुझाही लावलाय, माझ्या आधीचा. सिस्टरनं विचारलं, "या कोन तुमच्या?" मी सांगितलं. सकाळी लवकर ये, डबा आणू नकोस, भाजी मी आणते. घाबरलीस तर तिला लाडवांचा पाक सांग, पण कोमट पाण्याचा हात कुणी लावला ते खरं सांग.

दार पुरतं लागत नाही तिथलं. माझा आवाज तुला ऐकू येईल. या वेळी तू आत जा, शरयू. मी बाहेर बसते.

तुझी,
सत्यभामाताई